एका अंशाचं काय घेऊन बसलास, भो

पोहायला मी विहिरीत शिकलो, रावेरजवळच्या आमच्या मळ्यात, पाठीला रिकामा डबा बांधून. त्या विहिरीचा तळ मला आजवर दिसलेला नाही. जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या लांबलचक रांगेवर, बोटीतून पाण्यात उतरलो आणि खाली तळ अंगणासारखा लख्ख दिसला. हातपाय हलवायचेच विसरलो. वाटलं, आता पडतो!

लेक-जावई ब्रिस्बेनला असतात. त्यांनी विमानानं केर्न्सला नेलं, पुढं दीडेक तास बोट. पोटात असं ढवळलं की हिनं घरून आणलेली सुंठच कामी आली. त्या महिन्यांत तिथं विषारी जेलीफिश असतात, म्हणून अंगभर चिकटणारा निळा सूट घालावा लागतो. फोटो आहे, पण इथं टाकणार नाही.

पाण्यात पहिल्यांदा कानावर आली कटकट. पोपटमासा प्रवाळाचा दगड चोचीनं फोडून खात होता, बैल कोरडा कडबा चावतो तसा. त्यावरचं शेवाळ पोटात राहतं, दगडाचं पीठ मागून बाहेर पडतं. बेटांवरच्या ज्या पांढऱ्या वाळूचं आम्ही सकाळी कौतुक केलं, तिच्यातली बरीचशी हीच! पुढं हातभराहून मोठा एक शिंपला, ओठ निळे-हिरवे. माझी सावली पडली तसा मिटला.

टीव्हीवरचे भडक रंग मात्र दिसेनात. प्रवाळ बहुतेक तपकिरी. मी खट्टू झालो. बोटीवरची मार्गदर्शक मुलगी म्हणाली (जावई मराठीत सांगत होता), तपकिरी म्हणजे तब्येत चांगली. प्रवाळ ही बारीक जिवांची वस्ती. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, उन्हावर अन्न करतं आणि घरमालकाला पोसतं. रंगही त्याचाच. पाणी तापलं की ते शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढराफटक होऊन उपाशी राहतो. किती तापलं की? नेहमीच्या ऐन उन्हाळ्याहून एक अंश, काही आठवडे.

एक अंश! जावयाला पुन्हा विचारायला लावलं.

आम्ही केळीवाले. थंडीत चरका, मेमध्ये झळा, म्हणून बागेच्या कडेला आडोशाला शेवरीची झाडं लावतो. समुद्राला शेवरी कुठं लावणार? रीफ २३०० किलोमीटर, म्हणजे भुसावळ-मुंबई पाच वेळा. २०१६ ते २०२४ एवढ्यातच पाच वेळा ती मोठ्या प्रमाणात पांढरी पडली. पाणी वेळेत गार झालं तर शेवाळ परत येतं, असंही ती मुलगी म्हणाली. वेळेत, म्हणजे आमच्या पावसासारखंच.

एप्रिलमध्ये घरी आलो. चहाच्या टपरीवर सगळ्यांचा एकच प्रश्न, शार्क दिसला का? दिसला, कपारीत झोपलेला, माझ्याहून लांडा. तेवढ्यावर कुणाचं समाधान होईना. मग मी एका अंशाची गोष्ट काढली. समोरच्यानं टोपीनं वारा घेत विचारलं, "एका अंशानं काय होतं भो? आज त्रेचाळीस आहे."