चारशे दहा ग्रॅम

आमच्या रतनगड ते हरिश्चंद्रगड ट्रेकची खरी सुरुवात रतनवाडीत, आमचे तिथले वाटाडे असलेल्या मामांच्या ओसरीवर होते. पोहे खाऊन झाले की मी हुकाचा वजनकाटा आडव्या वाशाला टांगतो आणि एकेकाची सॅक अडकवतो. तीन दिवसांसाठी पाण्याशिवाय आठ-नऊ किलो पुष्कळ झाले. पाण्याचे तीन लिटर म्हणजे वर आणखी तीन किलो, त्यात सूट नाही. डिसेंबरच्या एका बॅचमध्ये ट्रेकला आलेल्या एका काकांची सॅक भरली चौदा किलो.

सॅक हलकी करायचा माझा नियम एकच, प्रत्येक वस्तूला निदान दोन कामं पाहिजेत. टोपाचं झाकण हीच ताटली. कॅरीमॅट अंथरायला, आणि हात-पाय मोडला तर बांधायला. गमछा म्हणजे टॉवेल, पाण्याची गाळणी, गरम टोप धरायचं फडकं, झोळी. वीस मीटर दोर तर विचारूच नका. हे सगळं मी गेली अकरा वर्षं ओसरीवर बसून सांगतोय आणि खरं सांगायचं तर लोक माना डोलावतात तेव्हा बरं वाटतं. लोकही असे येतात की सांगावंच लागतं. डिओची मोठी बाटली, जीन्स, गाणी लावायचा स्पीकर. आमची संस्था फॉर्मवर रक्तगट विचारते, घरच्यांचा नंबर विचारते. सॅकमध्ये काय भरलंय हे मात्र कोणी विचारत नाही.

काकांच्या सॅकमधून मी घडीचं स्टूल काढलं, दोन टी-शर्ट काढले, काचेच्या बरणीतलं लोणचं काढलं. तळाशी एक जुनी स्टीलची टॉर्च होती, दोन मोठ्या सेलची. ती काट्याला लावली. चारशे दहा ग्रॅम.

"काका, हिला काम एकच. मोबाईलला टॉर्च आहे की."

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "तुम्ही लीडर. तुम्ही म्हणाल तसं." टॉर्च मामांच्या फडताळात गेली. यादीत 'टॉर्च, जादा सेलसह' असं आम्हीच छापतो. तरी त्या दिवशी मोबाईलवर भागवणारे सातजण मी चालवून घेतले, काका आठवे.

पहिला दिवस नेहमीसारखा, मुक्काम रतनगडाच्या गुहेत. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचं होतं. निघायलाच उशीर झाला, कारण गडावरच्या नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, फोटो. खिंड ओलांडून उतरायला लागलो आणि पावणेपाचला काकांचा पाय सुट्या दगडावरून सरकला. घोटा बघता बघता सुजला. बूट काढला नाही, काढला की परत चढत नाही. माझी कॅरीमॅट कापली, घोट्याखालून इंग्रजी यू सारखी फिरवली, दोन गमछ्यांनी बांधली. बुटाच्या आत बोटं हलतायत ना, मुंग्या नाहीत ना, ते विचारून घेतलं. पाय टेकवत नव्हते.

अभयारण्याचा भाग, त्यामुळे हिरवं लाकूड तोडून स्ट्रेचर करायचा प्रश्नच नव्हता. शिवाय अशा उतारावर स्ट्रेचर वळतही नाही. मग दोर. त्याचं वेटोळं घालायचं, गाठीपासून दोन सारखे भाग करायचे, वाहणाऱ्याने ते सॅकच्या पट्ट्यांसारखे खांद्यांवर घ्यायचे आणि जखमीचे पाय खालच्या फेऱ्यांतून काढायचे. माणूस पाठुंगळी बसतो, वाहणाऱ्याचे हात मोकळे. कॅरीमॅटचा उरलेला तुकडा खांद्यावर, दोर काचू नये म्हणून. शहात्तर किलोंचे काका, चार तगडी पोरं आणि मी, शंभर-शंभर पावलांची पाळी. असं नीट जमून आलेलं काम मी फार कमी वेळा पाहिलंय, हे आत्मस्तुती वाटली तरी लिहितो.

सहकारी लीडर बाकीच्यांना घेऊन, स्वतःचा हेडलॅम्प घेऊन पुढे कुमशेतला गेला. आम्ही सातजण मागे. सहाला सूर्य गेला आणि साडेसहाला कारवीच्या झुडपांत पाऊल दिसेना. माझा हेडलॅम्प वाहणाऱ्याच्या डोक्याला लावला. दोन्ही बाजूंनी आधार देणारे अंधारात. मोबाईल काढले, तर एक बंद, एक सहा टक्के, एक अकरा. दिवसभर रेंज नाही, फोन आपला रेंज शोधत बसतो. त्यात नकाशा त्याच्यावर, फोटो त्याच्यावर. पॉवर बँका पुढे गेलेल्या सॅकांमध्ये. आणि जो चालू होता तो धरायला हात लागायचा. उतारावर हात पाहिजे कारवीला. एका पोराने फोन दातात धरला. लाळेने ओला झालेला फोन पहिल्याच टप्प्यावर निसटला आणि खालच्या झुडपात उजेड वर करून पडून राहिला.

मामा पुढे वाट काढत होते. ते थांबले, मागे वळले.

"भाऊ, येवढी मानसं अन् बॅटरी नाय कोनाकडं?"

गळ्यात सुतळीने बांधलेली बॅटरी त्यांनी बंडीतून बाहेर काढली. मामांचं सामान मी कधी तोललं नव्हतं. कोयता, पंचा, बॅटरी, बस्स. पंचा सकाळी मुंडासं होता, दुपारी पाण्याच्या कॅनखाली चुंबळ झाला, आता काकांच्या कमरेभोवती होता. इतकं कमी नेणारा माणूस, पण बॅटरीला त्याने दुसरं काम दिलं नव्हतं.

माझ्या पाठीवर असताना काका फक्त एकदा बोलले. "पाय दुखतोय का?" असं विचारलं, तर म्हणाले, "नाही. तुम्ही जपून." टॉर्चचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

कुमशेतला पोचायला सव्वानऊ. हाडाला बारीक चीर निघाली, सहा आठवडे प्लॅस्टर. संस्थेच्या ग्रुपवर दोर वापरल्याबद्दल माझं कौतुक झालं, टाळ्यांची चिन्हं आली. टॉर्चचं मी तिथे लिहिलं नाही.

नियम चुकला असं अजूनही वाटत नाही. दोराने आणि कॅरीमॅटनेच काका खाली आले. पण रात्री पडल्या पडल्या हिशोब सुरू होतो. टॉर्च सॅकमध्ये असती, तरी ती सॅक पुढे गेली असती का? की काकांनी ती हातात ठेवली असती?

मागच्या आठवड्यात रतनवाडीला जाऊन टॉर्च घेऊन आलो. काकांना फोन केला, तर म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडे, मला तूर्तास कुठे लागतेय." सेल काढून ठेवलेत, ते गळून टॉर्च गंजू नये म्हणून. शनिवारी नवी बॅच आहे. यादी अजून पाठवलेली नाही.