बोंडअळीला बीटीची सवय झाली का?

गावी गेलो की पारावर कुणीतरी विचारतंच, "बोंडअळीले बीटीची सवय झाली म्हन्तात, खरं हाय काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारं कपाशीचं वाण; त्यासाठी त्यात एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं.

सवय एकेका जिवाला लागते. इथे तसं झालं नाही. बीटीचं बोंड कुरतडलं त्या बहुतेक अळ्या मेल्याच. पण लाखांत एखादी जन्मतःच वेगळी असते. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या ठरावीक प्रथिनांना चिकटतं, आणि हिच्या जनुकातल्या फरकामुळे ते नीट चिकटत नाही. बीटी नसताना या फरकाला काही किंमत नव्हती. बीटी आल्यावर बाकीच्या मेल्या, ही उरली, हिचीच पिल्लावळ वाढली. अळी बदलली नाही, अळ्यांची जमात बदलली.

2002 साली बीटी आलं, 2006 मध्ये दोन जनुकांचं आलं. 2017 च्या हंगामात आमच्या वावरात मी एक बोंड फोडलं. वरून हिरवंगार, आत सरकी पोखरलेली, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधे गुलाबी अळी. वडील काही बोलले नाहीत, पुढचं बोंड तोडून माझ्या हातात दिलं.

मला खरी हळहळ वाटते ती त्या छोट्या पाकिटाची. 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम साधं बियाणं यायचं, बांधाकडेने लावायला. "अळ्या पोसायला का लावायचं?" म्हणून आम्हीही ते गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवलं. पण अळ्या पोसणं हेच त्याचं काम होतं! साध्या कपाशीवर वाढलेले भरपूर पतंग त्या तगलेल्या एखाद्या पतंगाशी जुळले, की पिल्लांत ते जनुक एकाच बाजूने येतं, आणि तेवढ्याने अळी सहसा वाचत नाही. दोन्हीकडून आलं तरच वाचते. बोंडअळीचीच दुसरी जात, अमेरिकन बोंडअळी, तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, त्यामुळे तिचे असे साधे पतंग शिवारात आपसूक असतात. गुलाबी अळीला जवळजवळ कपाशीच लागते. साधी कपाशी आपणच लावली नाही, तर ते पतंग येणार कुठून?

त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांवर पुन्हा कापूस घेणं. ओलिताच्या लोभाने मार्चपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी ठेवली की अळीच्या आणखी पिढ्या निघतात, आणि दर पिढीला बीटी पुन्हा तीच निवड करतं. म्हणून पारावर मी उलट विचारतो, पऱ्हाटी कधी उपटणार? आमच्याकडे आता डिसेंबरअखेर वावर मोकळं असतं.