कुंचल्याचा फाँट, नोंद ४ : शिरोरेषा काही बधेना

बाराखडी मागेच कागदावर उतरली होती. आठ नंबरचा गोल ब्रश, काळा पोस्टर कलर, जाड कार्डशीट आणि ६०० डीपीआयचं स्कॅन. या महिन्यात ती फाँटफोर्ज या फाँट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये घेतली. स्कॅनवरून आपोआप बाह्यरेषा काढणाऱ्या ऑटो ट्रेसच्या नादी लागू नका, नुसत्या 'क'ला बिंदूंची रांगोळी होते. मी स्कॅन मागे ठेवून हातानेच बाह्यरेषा काढल्या.

खरा घोळ शिरोरेषेने घातला. ठाण्यात गडकरी रंगायतनच्या बाहेर नाटकांचे बोर्ड बघत उभं राहायची मला जुनी खोड आहे. हाताने काढलेल्या नावात शेजारी कोणतं अक्षर आहे ते हाताला ठाऊक असतं, म्हणून रेघ कुठे जाड, कुठे फिकी, तरी सलग. कमल शेडग्यांची नाटकांची शीर्षकं आठवा. फाँटमधल्या अक्षराला मात्र शेजारी माहीतच नसतो. माझ्या प्रत्येक रेघेला ब्रशची निमुळती शेपटी होती. 'कमळ' टाइप केलं की तीन तुकडे.

शेवटी अक्षराच्या १००० युनिट उंच चौकटीत रेघेच्या डाव्या-उजव्या दोन्ही कडा ६२० ते ६९० युनिटच्या उंचीवर पक्क्या केल्या. लहरीपणा काय तो मधल्या भागात. कडा नुसत्या टेकवल्या तर छपाईत केसाएवढी पांढरी फट दिसते, म्हणून २० युनिट एकमेकांवर चढवल्या. शेपट्या गेल्या, जीव हळहळला.

पहिली परीक्षा वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या फराळाच्या बोर्डाची. 'चकली, अनारसे, कडबोळी' छापून दिलं. काकू चष्मा वर करून म्हणाल्या, "अरे, हा ळ आहे की जिलबी? मी जिलबी नाही करत हो." बरोबर होतं त्यांचं. दोन्ही गाठी रंगाने बुजल्या होत्या. आता डावी गाठ मोठी, उजवी जरा खाली सरकवलेली, आणि दोन्हींत उजेड दिसेल एवढी मोकळी जागा.

'ल' आणि 'श' मराठी वळणाचेच मूळ ठेवलेत, हिंदी रूपं लोकल फीचरमध्ये, म्हणजे निवडलेल्या भाषेप्रमाणे अक्षराचं रूप बदलणाऱ्या सोयीत. उलट केलं तर प्रोग्रॅममध्ये भाषा निवडली नसेल तेव्हा आपल्याच पाटीवर हिंदी 'ल' येतो, आणि भाषा निवडतं कोण!

'वाऱ्यावर'मधला आडवा र ब्रशच्या एका फटक्यात जमला, सगळ्यात आवडता तुकडा तोच. पण 'स्त्रिया'ची वेलांटी अजून आखूड आहे. 'स'वरच लटकते, 'त्र'च्या दांड्यापर्यंत पोचत नाही. वेलांटीच्या तीन लांब्या काढायला घेतल्यात. तोवर काकूंना सांगून ठेवलंय, बोर्डावर 'चिरोटे' लिहायला हरकत नाही.