कार्यक्रमात नसलेली नदी

टूर मॅनेजरला दिवसभर दोन घड्याळं सांभाळावी लागतात. एक मनगटावरचं, दुसरं बसमधल्या टॅकोग्राफचं, म्हणजे ड्रायव्हरनं किती वेळ गाडी चालवली याची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचं. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला पाऊण तास थांबावंच लागतं, आणि हे दुसरं घड्याळ कुणाच्या ‘पाचच मिनिटं हो मॅडम’ला भीक घालत नाही. म्हणून कार्यक्रमात ऐनवेळी बदल करायला मी फार नाखूश असते.

त्या दिवशी कार्यक्रम सोपा होता. सकाळी रावेन्नाची चर्चेस, दुपारी ब्रिसिगेल्लाचा डोंगरावरचा किल्ला, रात्री मुक्काम बोलोन्याला. माणसं छत्तीस, बहुतेक पुण्या-साताऱ्याची.

सान विताले चर्च 547 सालचं. आत सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा मोझेइकच्या सोनेरी तुकड्यांत लवाजम्यासह उभे आहेत. दोघांनी रावेन्नात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं, असं स्थानिक गाइडनं सांगताच मागून आवाज आला, “म्हणजे आमच्या नगरसेवकासारखे. फ्लेक्सवर हजर!” छत्तीस हेडफोन एकदम हसले. शेजारच्या गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत आपल्या वाट्याला पाचच मिनिटं येतात. निळ्याशार छतावरच्या चांदण्या बघायला मान वर करावी, तोवर बाहेर पडायची वेळ होते.

तिथं बाहेर डोकी मोजत असताना काका जवळ आले. साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. लेक-जावयानं सहलीला आणलं होतं. आठ दिवसांत त्यांनी माझ्याकडे गरम पाण्याशिवाय काही मागितलं नव्हतं.

“मॅडम, सेनिओ नदी हितनं किती लांब हाय?”

चौदा वर्षं मी इटली करतेय. पो, आर्नो, तिबर तोंडपाठ. सेनिओ? मोबाइलवर शोधली तर तीसेक किलोमीटरवर, लुगो गावाजवळ. तिथं काय आहे, विचारलं. काकांनी हजेरी द्यावी तसं सांगितलं, “शिपाई नामदेव जाधव. व्हिक्टोरिया क्रॉस. नऊ एप्रिल पंचेचाळीस. बेळगावला रिक्रूट असताना पाठ करून घ्यायचे. चुकलं की ग्राउंडला चक्कर.”

लुगो केलं तर ब्रिसिगेल्ला जाणार होतं. ऑफिसला फोन लावला. उत्तर आलं, सगळ्यांच्या सह्या घ्या. बसमध्ये कागद फिरवला. चौतीस सह्या पटकन झाल्या. एक जोडपं अडलं: ब्रोशरमध्ये किल्ला छापलाय, आम्ही किल्ल्याचे पैसे भरलेत. त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी मी म्हटलं, लुगोतही किल्ला आहे, भर चौकात. सह्या झाल्या.

किल्ला होताच. फक्त एस्ते घराण्याच्या त्या रोक्कात आता नगरपालिका भरते. “हा किल्ला? इथे घरपट्टी भरतात!” असं ते गृहस्थ म्हणाले, आणि मी पाण्याच्या बाटल्या मोजायला लागले. मला वाचवलं फ्रांचेस्को बाराक्कानं. पहिल्या महायुद्धातला हा वैमानिक लुगोचा. त्याच्या विमानावरचा उधळलेला घोडा पुढे फेरारीच्या गाड्यांवर आला, एवढं सांगताच तरुण मंडळी त्याच्या स्मारकापुढे फोटोला उभी राहिली.

नदीकडे जाणारा रस्ता अरुंद. ड्रायव्हरनं बस अलीकडेच थांबवली आणि घड्याळावर बोट ठेवून सांगितलं, चाळीस मिनिटं. पुढे चालत. नदी दिसतच नव्हती. सपाट शेतं आणि त्यांत गवतानं झाकलेला लांबच लांब मातीचा बांध. साड्या सावरत, एकमेकांना हात देत वर चढलो, तर खाली ओढ्याएवढं पाणी. पलीकडे तसाच दुसरा बांध.

“एवढ्याशा ओढ्यासाठी?” कुणीतरी पुटपुटलं.

एरवी अशा वेळी मी माइकवर काहीतरी बोलते. माझ्याकडे बोलण्यासारखं काहीच नव्हतं. मी गळ्यातला माइक काढून काकांच्या गळ्यात घातला.

काका नदीकडे बघत नव्हते, बांधाकडे बघत होते. “पानी बघू नका, माती बघा,” ते म्हणाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बांधांच्या दोन्ही अंगांना बिळं पाडून मशीनगन बसवल्या होत्या. अख्खा हिवाळा लढाई या नदीवर अडकली होती. 9 एप्रिलला विमानांनी बॉम्ब टाकले आणि संध्याकाळी आपली माणसं पाण्यात उतरली. जाधव तेव्हा तेवीस वर्षांचे, नगर जिल्ह्यातले, कंपनीचे निरोप्ये. पूर्वेच्या बांधावरच्या हल्ल्यात त्यांची तुकडी जवळजवळ संपली. दोन जखमींना त्यांनी एकेक करून पाण्यातून, चढावरून, सुरुंगांतून मागे नेलं. मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी गप्प केली आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिली. मागच्या कंपन्या त्या आवाजावर पार झाल्या.

“माथ्यावर म्हंजे आपण उभं हाय तसं,” काका म्हणाले. हे ऐकून पुढच्या रांगेतल्या दोन बायका नकळत खाली वाकल्या.

एका मुलाला राहवलं नाही. त्यानं हात वर करून “बोल श्री छत्रपती” म्हणायला सुरुवात केली. काकांनी त्याचा हात धरून खाली घेतला. बांधाखालच्या घरात एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. “लोकं राहत्यात हितं,” काका म्हणाले.

उतरल्यावर ड्रायव्हरनं मला विचारलं, पूर बघायला आला होतात का? तो याच भागातला. 2023 च्या मे महिन्यात सेनिओनं बांध फोडून लुगोत पाणी घातलं होतं. त्याच्या लेखी या बांधाची तेवढीच गोष्ट होती. मी काकांचं म्हणणं मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं. तो काही बोलला नाही, पण बस सुरू करण्याआधी खाली उतरून त्यानं काकांना हात दिला आणि पुढच्या सीटवर बसवलं. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, दहन झालेल्यांचं स्मारकही आहे. तिकडे जायची मिनिटं शिल्लक नव्हती.

सहल संपताना अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले. दोन फॉर्मांवर ‘ब्रिसिगेल्ला दाखवले नाही’ असं लिहून तारे कमी केले होते. काकांचा फॉर्म जवळजवळ कोराच होता. हॉटेल, जेवण, स्थळदर्शन, टूर मॅनेजर, सगळे रकाने रिकामे. शेवटी वळणदार अक्षरात एक ओळ: ‘ड्रायव्हर चांगला होता.’