१५१ पैकी १३३

विस्मरणावर बोलताना मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास का आणते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या वेस्टबरो गावात महिन्यातून एका शनिवारी मराठी ज्येष्ठांचा कट्टा भरतो. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले असतात, कायमचे राहायला आलेलेही असतात. फेब्रुवारीचा कट्टा माझ्याकडे. विस्मरण, उदासी, उडालेली झोप यांवर मी बोलते. डॉक्टर नाही मी. आईचा अल्झायमर घरात नऊ वर्षं सांभाळला, एवढीच पात्रता. आणि दर वर्षी चहाच्या वेळी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, बोलता छान, पण त्यात काळ्यांचा इतिहास कशाला आणता?" (वर्तमानपत्रांत 'कृष्णवर्णीय' लिहितात. कट्ट्यावर 'काळे'च म्हणतात, आणि ते ज्या सुरात म्हणतात तो मला आवडत नाही.)

फेब्रुवारी हा इथे त्या इतिहासाचा महिना असतो, हे एक उत्तर झालं. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे दुसरं. ते ऐकलं की मंडळी माना डोलावतात आणि विषय संपतो. माझं खरं कारण मात्र घरचंच आहे.

आईनं भाजीच्या फोडणीत साखर घातली, मग मला 'बाई, तुम्ही कुणाकडच्या?' असं विचारलं. सांगलीला असती तर 'म्हातारचळ' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. इथे डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं. त्या रात्री त्या नावाच्या मागे लागून वाचत बसले, तेव्हा कळलं की या आजाराचा इंग्रजीतला पहिला सविस्तर आढावा १९१२ साली ज्यानं लिहिला, तो माणूस आमच्याच गावच्या मनोरुग्णालयात काम करत होता. चॉन्सी तळ्याच्या काठी. मी तिथे रोज फिरायला जाते.

सॉलोमन कार्टर फुलर. जन्म १८७२, लायबेरियातला. आजोबा व्हर्जिनियात गुलाम होते. त्यांनी पैसे भरून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. फुलर बॉस्टनला डॉक्टर झाले, १९०४ साली म्युनिकला जाऊन खुद्द अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत शिकले, आणि परत येऊन वेस्टबरोत मेलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासत बसले. बॉस्टन विद्यापीठात तीस वर्षांवर शिकवलं. शेवटची काही वर्षं विभाग प्रत्यक्षात तेच चालवत होते, पण पद नव्हतं. १९३३ मध्ये त्यांच्याहून कनिष्ठ गोऱ्या प्राध्यापकाला ते पद मिळालं, तेव्हा ते बाहेर पडले. पुढे मधुमेहानं दृष्टी गेली. १९५३ साली जवळच्या फ्रेमिंगहॅममध्ये वारले. आईच्या आजाराची कुळकथा शोधायला गेले आणि हा माणूस भेटला. आता त्याला वगळून मी अल्झायमरवर कशी बोलू?

एकदा दार उघडलं की मग पुढचंही दिसतं. १८५१ साली लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरानं एक नवाच रोग जाहीर केला: ड्रॅपेटोमेनिया. लक्षण एकच, गुलाम पळून जातो. उपायांत चाबूकही होता. हे ऐकून कट्ट्यावर हसू येतं. मलाही पहिल्यांदा आलं होतं. पण १९७४ मधली हॅलडॉल या मनोविकारांवरच्या औषधाची जाहिरात दाखवली की कुणी हसत नाही. मनोविकारतज्ज्ञांच्याच नियतकालिकात ती छापून आली होती. चित्रात रस्त्यावर मूठ उगारलेला, चिडलेला काळा माणूस. नागरी हक्कांच्या चळवळीचा धुरळा अजून खाली बसला नव्हता, आणि उगारलेल्या मुठीवर औषध निघालं होतं. काळ्या रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा बसतो, हे इथल्या अभ्यासांत आजही पुन्हा पुन्हा दिसतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं या सगळ्याबद्दल माफी मागितली ती २०२१ च्या जानेवारीत.

आईला सांभाळायला येणारी बाई काळी होती. तिचा भाऊ रात्री एकटाच मोठमोठ्यानं बोलायचा. "दवाखान्यात का नेत नाहीस?" असं मी शहाणपणानं विचारलं. ती आईचे केस विंचरत होती. म्हणाली, "तुमची आई ओरडली तर कागदावर 'गोंधळलेली' लिहितात. माझा भाऊ ओरडला तर 'धोकादायक' लिहितील." तोवर मला वाटायचं, लोकांना माहिती नसते म्हणून ते जात नाहीत. हिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

गेल्या फेब्रुवारीत मी १८४० च्या जनगणनेची गोष्ट सांगितली. त्या गणनेत पहिल्यांदाच वेड्यांची मोजदाद झाली आणि आकडे असे निघाले: गुलामगिरी असलेल्या राज्यांत दर १,५५८ काळ्यांमागे एक वेडा, मुक्त राज्यांत दर १६२ मागे एक. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं की काळा माणूस वेडा होतो! अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॅल्हून यांनी गुलामगिरीचं समर्थन करताना हे आकडे ब्रिटिशांच्या तोंडावर फेकले. आमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत असलेल्या वूस्टरमध्ये तर १५१ काळ्यांपैकी १३३ वेडे नोंदले होते.

मागच्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेले एक काका बसले होते. एरवी झोपलेले असतात. ते उठून म्हणाले, "थांबा, थांबा. १५१ मध्ये १३३? हे कुणी टॅली केलं नाही?"

केलं ना, म्हटलं. एडवर्ड जार्व्हिस नावाच्या डॉक्टरानं केलं. ते १३३ जण वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयातले गोरे रुग्ण होते, चुकीच्या रकान्यात पडलेले. कित्येक गावांत तर एकही काळा राहत नव्हता, तरी तिथे काळे वेडे दाखवले होते. जेम्स मॅक्यून स्मिथ या काळ्या डॉक्टरानंही आकड्यांची चिरफाड केली. त्याला अमेरिकेत कुणी वैद्यकीला प्रवेश दिला नाही म्हणून तो ग्लासगोला जाऊन शिकला होता. आकडे दुरुस्त करा म्हणून काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, अर्ज गेले.

"मग? खोडून दुरुस्त केलं?"

"नाही केलं."

काका खाली बसले. मग शेजारच्या काकूंकडून पेन मागून घेतलं आणि नॅपकिनवर भागाकार करत राहिले.