सुपरमॅन आणि बाबांची काठी

"काका, एवढी ताकद आहे तर सुपरमॅन जगातले खरे प्रश्न का नाही सोडवत?" पुतण्याने जेवताना विचारलं. म्हटलं, सोडवायचा की! आणि 1938 सालच्या ॲक्शन कॉमिक्सचा तिसरा अंक त्याला मोबाईलवर काढून दिला.

त्यात ना कुणी परग्रहावरचा राक्षस, ना वेडा शास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत अपघात होतो, एक मजूर कायमचा जायबंदी होतो आणि मालक ब्लेकली म्हणतो, चूक त्याचीच. मग सुपरमॅन मजुराच्या वेशात ब्लेकलीच्या पार्टीत घुसतो. मालकाला हुक्की येते, पाहुण्यांना घेऊन खाणीत उतरतो. सुपरमॅन गुपचूप छत पाडतो. सगळे आत. धोक्याची घंटा वाजतच नाही. मग कोट-टायवाले खोदायला लागतात, धापा टाकतात.

माझे बाबा चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणीत होते. लागले तेव्हा खाण खासगी मालकाची; 1973 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. कामाला हात लावण्याआधी ते काठीने छत ठोकायचे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे थांबायचं नाही. अजून सवय गेली नाही. माझ्या नव्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा चहाच्या आधी छत्रीच्या टोकाने स्लॅब ठोकून पाहिला. आणि अवेळी भोंगा वाजला की स्टोव्ह विझवून दारात येणारी आई मला अजून दिसते.

त्यामुळे सुपरमॅनने रोज छत धरून उभं राहावं, असं मला वाटत नाही. तो आहेच म्हटल्यावर ब्लेकली टेकूंचाही खर्च वाचवेल! मालकाला त्या छताखाली उभं करणं, हे काम त्याचं.

आठव्या अंकात मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. सरकारने नवी घरं बांधावीत म्हणून तो पडकी वस्तीच जमीनदोस्त करतो. मधले महिने त्या माणसांनी काय करायचं?

पुतण्या ब्लेकलीतच अडकला होता. "मग सुधारला का तो?"

"हो. म्हणाला, माझी खाण देशातली सगळ्यात सुरक्षित खाण करीन."

बाबा इतका वेळ गप्प भात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "लिहून देल्लं का त्यानं?"