पावसाळ्यात प्लेटलेट पडल्या की आधी स्लाइड

कुडाळला लॅबमध्ये जून ते ऑक्टोबर प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू नाहीतर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), असंच धरून चालतात. बहुतेकदा निघतंही तेच, आणि म्हणूनच टीटीपी (थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा) हा आजार निसटतो. यात शरीर स्वतःच्याच एडीएएमटीएस-१३ या एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. मग व्हॉन विलब्रँड फॅक्टर या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या लांबलचक साखळ्या कापल्या जात नाहीत, त्यांना प्लेटलेट चिकटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. त्यांतून जाताना तांबड्या पेशी तुटतात.

मी नुसत्या प्लेटलेट कधीच बघत नाही. डेंग्यू बळावला की रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतं. टीटीपीत हिमोग्लोबिनही रोज उतरतं, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम) खूप वाढलेलं, बिलिरुबिन इनडायरेक्ट (लेप्टोत डायरेक्ट), कूम्ब्स (तांबड्या पेशींवरच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) निगेटिव्ह. पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) मात्र साधारण नॉर्मल. फुरसं चावलेल्याचा तोच बिघडतो.

खरा निवाडा स्लाइडवर. शंभराच्या लेन्सखाली तुटक्या तांबड्या पेशी, कुठे हेल्मेटसारख्या, कुठे त्रिकोणी. शंभरात एकीहून जास्त दिसल्या की डॉक्टरांना फोन करायचा. पण आपली दमट हवा फसवते. स्मिअर (काचेवर ओढलेला रक्ताचा थर) हळू सुकला किंवा तो पक्का करायच्या मिथेनॉलने हवेतलं पाणी ओढलं, की पेशींत चकचकीत कडी उमटतात. त्या तुटक्या पेशी नव्हेत. स्मिअर ओढल्याबरोबर पंख्याखाली धरावा, मिथेनॉल लहान बाटलीत, बूच घट्ट.

एडीएएमटीएस-१३चं सॅम्पल प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) चढवण्याआधीच घ्यायचं, निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत. जांभळी ईडीटीए चालत नाही. एन्झाइमला लागणारं कॅल्शियम-झिंक ती बांधून टाकते. प्लाझ्मा वेगळा करून गोठवूनच पाठवायचा. १० टक्क्यांखाली आलं की निदान पक्कं, पण त्या रिपोर्टसाठी उपचार अडवायचे नाहीत.

नातेवाईक प्लेटलेटसाठी डोनर गोळा करत असतात. त्यांना थांबवावं लागतं: जिवावर बेतणारा रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट देत नाहीत. लागतं ते प्लाझ्मा एक्स्चेंज: मशीनवर रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्यांचा चढवायचा. ६० किलोच्या माणसाला किलोमागे ४० मिली म्हणजे २४०० मिली, २०० मिलीच्या १२ पिशव्या, त्याही रोज. सोबत स्टेरॉइड, बहुधा रिटक्सिमॅब (अँटिबॉडी बनणं रोखणारं औषध). प्लाझ्मातल्या सायट्रेटमुळे ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियम देतात.

गोवा, कोल्हापूर की मुंबई, कुठेही पाठवताना फोनवर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: एक्स्चेंजचं मशीन आज चालू आहे का, आणि रुग्णाच्या रक्तगटाचा प्लाझ्मा किती पिशव्या आहे. आंबोलीत दरड पडून वेळ जाणार असेल तर डॉक्टर तोवर साधा प्लाझ्मा आणि स्टेरॉइड सुरू करतात.

प्लेटलेट दीड लाखावर दोन दिवस टिकल्या की एक्स्चेंज थांबतं. आजार उलटू शकतो, म्हणून पुढे कधीही ताप आला तरी आधी सीबीसी.